बोधनाच्या चार मात्रा

आई औषधं आणायला उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जाताना आभाला बजावून गेली, "दर तासाला अनीशचा ताप बघ. आणि ते बडवणं जरा हळू."

कोलकात्यात सॉल्ट लेकमधल्या बँकेच्या या क्वार्टरने आजवर आभाचा तबला सोसला होता, कॉलेजच्या बँडसाठीचे ड्रम्स सोसले होते. आता पाळी ढाकाची, दुर्गापूजेत काठ्यांनी वाजवतात त्या मोठ्या ढोलाची. एकाच कायद्यावर वर्षभर हात घासत बसणं तिला कधी जमलंच नाही; जरा बोट वळलं की ती पुढच्या वाद्याकडे धावायची.

पूजेच्या तोंडावर गावोगावचे ढाकी सियालदह स्टेशनबाहेर वाजवत उभे राहतात आणि मंडळं त्यांना ठरवून नेतात. काल तिथेच तिने म्हाताऱ्या निताईदांना गाठलं होतं. त्यांनी तिला बोधनाचा ठेका दाखवला. देवीला जागं करायचा ठेका, संथ, पुन्हा पुन्हा तोच. चार मात्रांतच आभा कंटाळली.

"विसर्जनाचा शिकवा ना, दादा."

निताईदांनी काठ्या खाली ठेवल्या. "तो घरात वाजवायचा नाही, दिदी. वाजला की कुणाला तरी निघावं लागतं."

असल्या भाकडकथांवर विश्वास ठेवायला ती शिकली नव्हती. घरी येऊन तिने तोच विसर्जनाचा ठेका व्हिडिओवरून उचलला.

आता ती बाहेरच्या खोलीत, उशीवर काठ्या चालवत होती. ठेका झिंग आणणारा होता. आतून अनीश ओरडला, "ताई, उशीलाही डेंग्यू होईल गं!"

ती हसली. पण सकाळचा रिपोर्ट डोक्यातून जात नव्हता. प्लेटलेट्स अजून उतरल्या तर उद्या हॉस्पिटल.

तिने लय वाढवली. तेवढ्यात टण्... टण्... ढाकाबरोबर वाजते तशी काशाची थाळी, अगदी समेवर. अनीशच्या खोलीतून.

"ताल बरा धरतोस रे!"

गाळाचा वास आला, नदीच्या तळाशी असतो तसा. आभाने उशी काखेत धरली आणि एका काठीने वाजवतच दारात गेली. अनीशचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"ताई... हे म्हणतायत, चल."

"कोण?"

"सगळे ओले आहेत गं..."

तिचे हात थिजले. थाळी थांबली नाही. उलट धावत सुटली, टण् टण् टण्, आणि अनीशने पांघरूण सारून पाय जमिनीवर टेकवले.

थांबून उपयोग नव्हता. अनीशला जागं करून परत बोलवायला हवं होतं. बोधन! पण तिला येत होत्या फक्त चार मात्रा. तिने उशी मांडीवर घेऊन त्याच वाजवायला घेतल्या. चुकली. पुन्हा घेतल्या. थाळी तिला ओढत होती, हात जुन्या वेगाकडे पळत होते आणि ती त्यांना दातओठ खाऊन मागे खेचत होती. चार मात्रा. पुन्हा चार. अनीश उभा राहिला... एक पाऊल टाकलं... थबकला. ती वाजवत राहिली, मनगटं सुजेपर्यंत, आयुष्यात पहिल्यांदा एकच गोष्ट न कंटाळता. हळूहळू थाळी मंदावली, तिच्या लयीत आली, आणि विरली.

अनीश पलंगावर कोसळला. तिने कपाळाला हात लावला. घाम फुटला होता. ताप उतरत होता.

ती रडतच बसली होती, तेवढ्यात दार उघडून आई आली. आणि पायातल्या चपला न काढताच थबकली.

"चिखलाचे पाय घेऊन घरात कोण आलं गं?"

आभाने मान वळवली. दारापासून अनीशच्या पलंगापर्यंत राखाडी गाळाची ओली पावलं उमटली होती. पाच-सहा जणांची असावीत. झाडून सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

"आई, तू अनीशजवळ बस," आभा हळूच म्हणाली, आणि त्याच चार मात्रांसाठी तिने काठ्या पुन्हा उचलल्या.