बाहेर जाऊन बोलून या

देशात पूर कुठे आणि किती येणार हे जिला विचारायचं, ती बाई सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर घोटाभर पाण्यात उभी होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर ‘आता हेही मीच बघायचं का’ असा भाव. कुठलीशी पाइपलाइन फुटली होती आणि लिफ्ट त्याच निमित्तानं बंद पडली होती.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. पॅन्ट भिजू नये एवढीच त्याची त्या सकाळची महत्त्वाकांक्षा होती.

“इकडून या,” तो म्हणाला. “खोल नाहीये.”

“असं सगळेच म्हणतात. मग आम्हाला बोटी पाठवाव्या लागतात.”

त्यानं हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे नीट बघितलं, त्यात पिशवी दिली आणि स्वतः कठडा धरून वर आली.

“कुठे जायचंय?”

“हवामान-जोखीम समिती.”

“मीपण तिथेच. मी उष्णतेचा.”

“मी…” तिनं आपल्या ओल्या पावलांकडे बघितलं. “मी पुराची. हसू नका.”

“हसलो नाही.”

“आतल्या आत हसलात. ऐकू आलं मला.”

समितीचं काम तसं सोपं होतं. हवा बिघडत चालली आहे, तर तिच्यापायी देशाचं आणखी काय काय बिघडणार, ते एकेक करून टेबलावर घ्यायचं आणि कशाची घाई करायची ते ठरवायचं. त्यावरून सरकार पुढच्या पाच वर्षांचं धोरण आखणार होतं. निदान आखत असल्याचं जाहीर तरी करणार होतं. टेबलाभोवतीची माणसं नावानं नाही, संकटानं ओळखली जात. ‘वणवा आज रजेवर आहे.’ ‘दुष्काळाला बिनसाखरेचा द्या.’ त्यामुळे ती झाली पूरबाई आणि तो झाला उकाडे. हे त्याचं आडनावच आहे, असं निम्म्या समितीला शेवटपर्यंत वाटत होतं.

मत द्यायची पद्धत अशी. प्रत्येकाकडे चार कार्डं. ‘आत्ताच हालचाल हवी’, ‘आणखी अभ्यास हवा’, ‘चालू आहे ते चालू द्या’ आणि ‘नुसतं लक्ष ठेवा’. विषय वाचला गेला की प्रत्येकानं आपलं एक कार्ड पालथं ठेवायचं. एकदा ठेवलेलं उचलायचं नाही. मग सगळी एकदम उलटायची. कुणा दोघांची मतं अगदी दोन टोकांना गेली, तर अध्यक्ष चष्मा काढून डोळे चोळत म्हणायचे, “बाहेर जाऊन बोलून या.” त्या दोघांनी गॅलरीत जायचं आणि मधलं काहीतरी घेऊन परत यायचं.

बाकीची मंडळी बहुतेक वेळा ‘आणखी अभ्यास हवा’ टाकत. त्यांनी आयुष्यभर संकटंच मोजली होती आणि कुणी ऐकलं नव्हतं. माणूस शेवटी दमतो. त्या कार्डाच्या कडा सगळ्यांत मळलेल्या होत्या. ‘आत्ताच’ टाकणारी एकटी पूरबाई. आणि उकाडे सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे ‘नुसतं लक्ष ठेवा’ टाकायचा, कारण सगळंच आत्ता म्हटलं तर सरकार काहीच करत नाही, असा त्याचा अनुभव होता. म्हणजे बाहेर जाणारे दोघे ठरलेलेच.

गॅलरीत एक बाक होता, आणि आतली खोली गार ठेवणारी यंत्रं आपली सगळी गरम हवा तिथे ओकत होती.

“बघा,” ती रुमालानं मान पुसत म्हणाली, “आत बसून उष्णतेवर चर्चा करायची आणि ती इथे बाहेर टाकायची. तुमचं खातं काय करतं?”

“नुसतं लक्ष ठेवतं.”

ती हसली. गरम वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते, त्यात दोन-चार पांढरे होते, आणि ते मागे सारायचा कंटाळा तिनं उघडपणे केला होता. त्याला तो कंटाळा फार आवडला.

“तुम्हाला सगळंच आत्ता लागतं का हो?”

“पाणी थांबतं का कुणासाठी?”

“लग्नाच्या बाबतीतही हेच धोरण होतं?”

“छे. तिथे ‘आणखी अभ्यास हवा’ म्हणत राहिले. अभ्यासातच वय गेलं.” तिनं त्याच्याकडे तिरकं बघितलं. “तुमचं?”

“चालू होतं ते चालू दिलं… तिनंच एक दिवस बंद केलं.”

दोघंही बाकावर मागे रेलली. थकलेल्या माणसाला आपल्याइतकंच थकलेलं माणूस शेजारी बसलेलं असलं की पाठ आपोआप टेकली जाते.

पुढे पुढे त्याचा प्रामाणिकपणा सैल होत गेला. विषय वाचला जात असताना तो आता पूरबाईच्या भुवईकडे बघायचा. भुवई वर गेली की ही ‘आत्ताच’ टाकणार. मग आपण दुसरं टोक गाठायचं. संग्रहालयातल्या चित्रांना दमट हवेनं बुरशी धरेल, या विषयावर त्यानं चित्रांचा जन्माचा वैरी असल्यासारखं कार्ड टाकलं.

“चित्रांनी काय घोडं मारलंय तुमचं?” गॅलरीत तिनं विचारलं.

“घोडं नाही. मतभेद आहे.”

“हल्ली तुमचे मतभेद फार वाढलेत, उकाडे.” हे ती यंत्राकडे बघून म्हणाली, पण ओठांचा कोपरा त्याच्या बाजूला होता.

यात कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. बाहेर तिचं ऐकून घ्यायचं आणि परत येताना तिच्या बाजूला झुकून यायचं, म्हणजे निकाल योग्यच लागतो. या धंद्यातले सगळे अंदाज असेच चोख असतात, फक्त एक गृहीतक चुकेपर्यंत. त्याचं गृहीतक होतं, की ती खोलीत असेल.

ज्या दिवशी विषय आला ‘उष्णतेच्या लाटेत रुग्णालयांतले वॉर्ड’, त्या दिवशी तिची भुवई अर्ध्या वाक्यातच वर गेली. विषय त्याचाच होता. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डांत उन्हाळ्यात काय होतं, तापलेल्या छताखाली म्हातारी माणसं कशी हळूहळू मिटत जातात, हे देशात कुणाला नीट माहीत असेल तर त्याला. तरी त्यानं ‘नुसतं लक्ष ठेवा’ पालथं ठेवलं. निवांत मनानं ठेवलं. आज गॅलरीत काय बोलायचं, याची जुळवाजुळव करत ठेवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, “आले” म्हणाली आणि हातातलं कार्ड टेबलावर न ठेवताच निघून गेली. वडील चक्कर येऊन पडल्यामुळे त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

कार्डं उलटली गेली. सगळीकडे ‘आणखी अभ्यास हवा’. एकच ‘नुसतं लक्ष ठेवा’. दुसरं टोक रिकामं, त्यामुळे कुणी बाहेर जायचा प्रश्नच आला नाही.

“आता उष्णतेतलं उकाड्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं,” पिकांचे काका म्हणाले. “ते लक्ष ठेवा म्हणतात तर ठेवू या.” दुष्काळानं मान डोलावली.

“उकाडे, नक्की ना?” अध्यक्षांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ‘मग टाकलंत का?’ असा आला असता. त्याच्या तोंडून “हं” निघालं. सरकारी कामात ‘हं’ म्हणजे होकार. विषय बंद झाला. म्हणजे आता पाच वर्षं वॉर्डांच्या छतांना, सावलीला, वीज गेल्यावर चालणाऱ्या पंख्यांना कुणी हात लावणार नव्हतं. नुसतं लक्ष ठेवलं जाणार होतं. कोण ठेवणार, हे अशा अहवालांत लिहायची पद्धत नाही.

शेवटच्या बैठकीला ती आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. अजून कुणी आलं नव्हतं.

“कसे आहेत बाबा?”

“आहेत. वरच्या मजल्यावर खाट मिळाली. पंखा आहे, पण तो गरम हवा नुसती इकडची तिकडे करतो. नर्सबाई चादर ओली करून अंगावर टाकतात, ती बघता बघता वाळते.” ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, “एक बरंय. तो विषय तुमच्या हातात होता. मी नसले तरी काळजी नव्हती.”

आजवर त्याला बऱ्याच मंत्र्यांनी अपमानित केलं होतं. पण एवढं कुणालाच जमलं नव्हतं.

मंडळी जमली. अध्यक्ष म्हणाले, अहवाल आज सरकारकडे जातोय, कुणाचं काही राहिलंय का? हा प्रश्न उत्तर न ऐकण्यासाठीच विचारतात. उकाडे उभा राहिला.

“रुग्णालयांचा विषय पुन्हा घ्यावा लागेल.”

खोलीभर उसासा फिरला. नियम असा, की बंद झालेला विषय पुन्हा उघडायचा तर ज्याचं चुकलं त्यानं कारण सांगायचं, आणि ते बैठकीच्या वृत्तांतात लिहून घ्यायचं. वृत्तांत लिहिणाऱ्या चिटणीसबाईंनी पेन उचललं. “कारण?”

“माझं मत खोटं होतं.”

“चुकीचं?”

“नाही, खोटं. तिथे आत्ताच हालचाल हवी, हे मला माहीत होतं. मुद्दाम दुसरं टाकलं.”

“का?” अध्यक्षांनी चष्मा काढला.

“पूरबाई आत्ताच टाकतील… मग आम्हाला बाहेर जायला सांगाल, म्हणून.”

वणव्यानं खोकल्यासारखं केलं. चिटणीसबाई जरा थांबून म्हणाल्या, “हे कसं लिहू?”

“जसं आहे तसं लिहा,” तो म्हणाला. “त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हेही लिहा.”

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत असती तर हे प्रकरण इथवर आलंच नसतं.

कार्डं पुन्हा टाकली गेली. सगळी एकाच बाजूची निघाली, दुष्काळाचंसुद्धा. ‘आत्ताच हालचाल हवी’. समितीच्या इतिहासात असं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. आता बाहेर जायला कुणालाच काही कारण उरलं नव्हतं. पूरबाई उठली आणि गॅलरीत गेली. तो मागोमाग गेला.

“माझ्या बापाच्या जिवावर?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“हो.”

“‘पण’, ‘तरी’, ‘तसं नव्हतं’… असली सबब काहीच नाही?”

“नाही. ‘हो’ एवढंच.”

तिनं घरघरणाऱ्या यंत्राकडे तोंड फिरवलं. “मला इतका राग आलाय, की नीट रागवायलाही त्राण नाही,” ती म्हणाली. मग पिशवी उचलत म्हणाली, “बाबांची खाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. दुपारभर भिंत तापते. मला एकटीला खाट हलत नाही. येताय?”

संध्याकाळी त्या दोघांनी खाट भिंतीपासून ओढून दारासमोर आणली. म्हातारे बाबा खाटेवर पडल्या पडल्या हा प्रवास बघत होते.

“हे कोण गं?”

“उष्णतेचं बघतात, बाबा. सरकारात.”

“अस्सं.” बाबांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “मग बघत का नाहीत?”

“आजपासून बघतोय, काका,” तो म्हणाला.

बाबांना ते पटलं नसावं, पण झोप लागली. दारातून थोडी वाऱ्याची झुळूक यायला लागली होती. ती खाटेच्या पायाशी स्टुलावर बसली, तो भिंतीला टेकून उभा राहिला.

“एक सांगू?” ती हळू आवाजात म्हणाली. “चित्रांच्या वेळीच कळलं होतं मला. चित्रांवर कुणी इतकं चिडत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी का बोलू? तुमचं काम होतं ते.” तिनं कपाळावरचे केस या वेळी मागे सारले. “एवढी कार्डं, एवढे मतभेद… नुसतं ‘बाहेर येता का’ म्हणायचं होतंत. आले असते मी.”

आयुष्यात प्रत्येक वाक्याला ‘शक्यता आहे’ जोडून बोलणाऱ्या माणसाला तीन शब्द जुळवायला वेळ लागतो.

“बाहेर… येता का?”

ती लगेच उठली नाही. बाबांच्या अंगावरची चादर चाचपून बघितली, ती वाळली होती. तिनं ती कोपऱ्यातल्या बादलीत बुडवली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

“हे पिळा आधी,” ती म्हणाली. “मग येते.”