वॉटीची खिडकी

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या वृद्धसेवागृहाची तपासणी करायला एल्स्पेथ रेनी आली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. एका मयताच्या लेकीची तक्रार होती: इथली नर्स ऐन थंडीत म्हाताऱ्यांच्या खिडक्या उघडते, आणि म्हातारे मरतात.

फरशा स्वच्छ, औषधांचा हिशेब चोख, ओटच्या लापशीला वासही बरा. सगळं इतकं नीटनेटकं, की एल्स्पेथला तेच खटकलं. पाणी कुठेतरी मुरतंयच, असं पुटपुटत ती टोकाच्या खोलीत शिरली.

खिडकी सताड उघडी होती. माणूस खाली पडू नये म्हणून लावतात ती लोखंडी पट्टीही काढलेली. खिडकीशी खुर्चीत वॉटी बुकन हा म्हातारा कोळी बसला होता, नाक थंडीनं लाल. शेजारी नर्स सेंगा उभी होती.

"सेंगा, पट्टी कुणी काढली?"

"मीच," नर्स म्हणाली. "जाणाऱ्याला वाट नको?"

"अगं, आत्मा बाहेर जावा म्हणून माणूस गेल्यावर उघडतात खिडकी! माझ्या आजीच्या वेळीही उघडली होती. हे आजोबा जिवंत आहेत."

"आत्ता आहेत. दुपारच्या चहापर्यंत असतील."

"तुला कसं ठाऊक?"

"कळतं मला. मागून धावलं की उशीर होतो, बाईसाहेब."

एल्स्पेथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सेंगाला घरी पाठवलं, खिडकी स्क्रूनं पक्की करवली आणि स्वतः वॉटीजवळ ठाण मांडलं.

"सेंगा मारणार होती होय मला?" वॉटी खिदळला. "लग्नाचं विचारलं होतं मी तिला. त्याचाच राग!"

चहाच्या वेळी त्याच्या हातातला कप कलंडला. तो क्षणभर गप्प झाला, मग पुन्हा बोलू लागला. सेंगाचं भाकीत फसलं होतं. एका माणसाचा जीव आपण वाचवला, या समाधानात एल्स्पेथ संध्याकाळी परतली.

सकाळी तो त्याच खुर्चीत होता. रात्रभर झोपला नाही, नुसता बोलतोय, असं रात्रपाळीची मुलगी म्हणाली. लापशीवर साय धरली होती.

"पोरी, खिडकी उघड ना."

"गारठा आहे, आजोबा." एल्स्पेथनं त्याचा हात धरला. टेबलाइतकाच गार. मनगटावर बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. काहीच लागेना.

ती काचेशी वाकली. तिच्या श्वासानं काच धुरकटली.

वॉटीचा चेहरा काचेला जवळजवळ टेकला होता. तो बोलतच होता. त्याच्यासमोरची काच लख्ख होती.

"उघड ना, पोरी. कालपासून थांबलोय."

तिला रडू फुटलं. तिनं पेचकस आणून एकेक स्क्रू काढला.

खिडकी उघडली. समुद्रावरचा वारा भसकन तोंडावर आला, टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. मागे वॉटीचं बोलणं मध्येच थांबलं.

पडदा मात्र वाऱ्याच्या उलट, बाहेर फुगला. मग हळूच खाली आला.