खोलीपुरता पत्ता

इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये माणूस सहसा चुकूनच येतो. तोही चुकूनच आला – कॅन्टीन शोधत.

"इथे फक्त गार वारा मिळतो," शालीतून तोंड बाहेर काढत तिथलं नेटवर्क सांभाळणारी ती म्हणाली.

"मग अर्धा कप द्या."

ती हसली, आणि स्वतःच्याच हसण्याने दचकली. त्या खोलीत मशीनच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज तरी कुठे होता! घरीही तीच शांतता. ताईचा फोन यायचा तेवढाच. "कुणी भेटलं का गं?" "भेटलं ना, नेटवर्कचा नवा स्विच आलाय!"

हा निघाला पत्तेवाला. इस्पितळातल्या झाडून सगळ्या मशीनना नेटवर्कच्या नव्या प्रोटोकॉलचे पत्ते द्यायचं काम त्याच्याकडे होतं. टेबल तिच्याशेजारीच, दोघांच्या वायरी मशीन एकमेकांना जोडणाऱ्या एकाच स्विचमध्ये. घरघरीत ओरडून बोलावं लागे, म्हणून तिने दोघांच्या लॅपटॉपवर निरोपाची एक चिमुकली खिडकी करून दिली. मग काय, हाताच्या अंतरावर बसून लिहिणं सुरू!

"युनिकास्ट म्हणजे एकाचा निरोप एकालाच," त्याने एकदा लिहिलं. "मल्टिकास्ट म्हणजे गटातल्या सगळ्यांना. आणि एनीकास्ट..."

"मला शिकवताय?"

"छे, उजळणी! एनीकास्ट म्हणजे एकच पत्ता अनेकांचा. जो जवळ, तो उत्तर देणार."

"म्हणजे तुमच्यासारखं. जवळ दिसेल त्याच्याशी गप्पा."

तो नुसता हसला... आणि मस्करीत टाकलेला खडा तिलाच लागला. खरंच, आपण जवळ आहोत म्हणूनच बोलत असेल का हा? या तळघरात त्याला दुसरं आहे तरी कोण?

तळघराचं काम संपलं. लॅपटॉप उचलून तो रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेला. "लिहीत जा," एवढं म्हणाला. दुपारभर ती रिकाम्या खुर्चीची नजर चुकवत राहिली. शेवटी लिहिलं – "तुम्ही नसलात की इथली थंडी बोचते. मला तुम्ही आवडता." डोळे मिटून बटण दाबलं.

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने मनाशी हिशेब मिटवला – जवळ होता तोवर जमा, लांब गेला की शून्य. हिशेब चोख होता. फक्त तो मांडताना डोळ्यांत पाणी यायला नको होतं.

संध्याकाळी ती खिडकी कायमची काढून टाकायला बसली, आणि तीत स्वतःच घातलेल्या त्याच्या पत्त्याच्या सुरुवातीवर नजर अडकली. लिंक-लोकल! एका स्विचवरच्या शेजाऱ्यांपुरता पत्ता. राउटरपलीकडे तो जातच नाही. नवशिक्यांनी हीच चूक केली की ती त्यांना फाडून खायची. निरोप पोचला की नाही ते सांगायची सोयही तिने खिडकीत केली नव्हती. तिचं सगळं धाडस याच खोलीत विरून गेलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. धापा टाकत.

"रागावलात का? कालपासून लिहितोय, एकाचंही उत्तर नाही!"

तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्याने पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. "आणि मी निघालोय अख्ख्या इस्पितळाला पत्ते वाटायला!"

"काय लिहिलं होतंत?"

"हेच, की तिकडे शेजारी चिक्कार आहेत. पण ज्याच्यासाठी रस्ता ओलांडून यावंसं वाटेल असं कुणी..." तो अडखळला. "आणि तू काय लिहिलंस?"

'तू' ऐकून तिने शाल नाकापर्यंत ओढली. "ते... या खोलीपुरतंच होतं."

त्याने आपली जुनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला.

"मी खोलीतच आहे. बोल."

घरघर फार होती. तिला ते मोठ्याने सांगावं लागलं.