मल्लेशला बसवायचं राहिलं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण असलं रचून सांगून मला काय मिळणार आहे? गेल्या वर्षीच्या चैत्र अमावस्येची संध्याकाळ. निलंग्याजवळचं आमचं गाव. लक्ष्मम्मा काकूच्या ओसरीवर मी स्वतः हजर होतो.

काकूचा मल्लेश लडाखला सैन्यात होता. तिथं चीनची हद्द कुठं संपते नि आपली कुठं सुरू होते, यावरूनच भांडण. आपल्याकडं निदान बांधाला दगड असतो. तिथं तोही नाही. तसल्याच एका झटापटीत मल्लेश गोठलेल्या नदीत पडला.

गेला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, म्हणजे जन्मभर गळ्यात बांधलेलं लहानसं शिवलिंग, देऊन. गावानं नेहमीसारखा, बसतं माणूस मावेल एवढाच खड्डा खणला.

आणि आली ती लांबलचक पेटी...

सोबतच्या जवानांनी हात जोडले. "उघडू नका. बघवणार नाही."

सलामीला माणसं ताटकळत उभी, आणि आम्ही कुदळीनं खड्डा लांबवत होतो! मल्लेशला आडवाच ठेवला. जवानांनी आणून दिलेलं त्याचं इष्टलिंग काकूच्या मुठीतच राहिलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ओसरीच्या कोपऱ्यातून आवाज यायचा...

कर्र... कर्र...

फळीवर कोपर टेकून कुणी उठायला बघावं, तसा.

"उंदीर असतील, काकू."

"उंदीर न्हाई रे. माझं लेकरू हाय. उठून बसाया बघालंय."

त्या अमावस्येला काकूनं कोपऱ्यात पाट मांडला. पाटावर लिंग ठेवलं.

"ये मल्लेश. हितं बस, बाबा."

आवाज थांबला.

मग... पाट करकरला. कुणीतरी टेकलं होतं.

मी धीर करून हात लावला. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि पाट बर्फासारखा गार. ओला.

लिंग नव्हतं.

ओसरी पालथी घातली. अजून सापडलेलं नाही.

त्यानंतर आवाज कधीच आला नाही. वाटलं, काकू आता सुखानं झोपेल. पण ती रोज दिवेलागणीला त्या कोपऱ्याकडं कान लावून बसते. परवा मी चिडलोच.

"आता खामखा कशाला बसतीस?"

"धडपडत का असंना, घरी तर येत होता की रे," काकू म्हणाली. "मीच बसवून धाडलं त्याला."

मीही तिच्याशेजारी बसलो.

काहीच वाजलं नाही... आणि त्याचीच मला अजून भीती वाटते.