वरच्या गावातली दुपार

बसा प्रसाद, वीज एवढ्यात येत नाही. या उन्हाळ्यात आपल्या एगैला भागात रोजचंच झालंय हे. चार्जिंगचा दिवा आहे, तेवढा पुरे. शलाका मुक्ताला घेऊन खाली गाडीत एसी लावून बसलीय. ती वर येईपर्यंत सांगून टाकतो.

तुम्ही आणि कमल इटलीला निघालात, दक्षिणेच्या किनाऱ्यावरची डोंगरावरची गावं बघायला. रस्ता विचारायला आलात. रस्ता सांगतो, कुठे राहायचं तेही सांगतो. एका गावाचं नाव मात्र सांगणार नाही.

मी कुवेतला आलो त्र्याण्णव साली, युद्धानंतर. रिफायनरीची दुरुस्ती चालू होती, आम्हा इंजिनिअरांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि शलाका आली. नाशिकची मुलगी, तिला इथली सपाट वाळू बघवेना. शुक्रवारी आम्ही फिंतासच्या किनाऱ्यावर जायचो, भट्टीतून काढलेली गरम खुबूस रोटी आणि चीज घेऊन. ती समुद्राकडे बघत म्हणायची, "एक टेकडी असती रे इथे... एवढीशी." कामावरच्या एका इटालियन कंत्राटदारानं मला कॅलेंडर दिलं होतं. खाली निळा समुद्र, वर कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चिकटलेलं गाव. वर्ष संपलं तरी शलाकानं ते पान स्वयंपाकघरातून काढलं नाही.

शहाण्णवला आमचं बाळ पोटातच गेलं, सहाव्या महिन्यात. मुलगी होती. तिचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, त्याच किनाऱ्यावर. कुणालाही सांगितलं नव्हतं, शलाकाच्या आईलासुद्धा नाही. त्यानंतर शलाका बोलायची कमी झाली. म्हणून नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात मी भारतातली सुट्टी रद्द केली आणि तिला म्हटलं, चल, तुझ्या कॅलेंडरात जाऊ.

फार सुंदर दिवस होते ते, प्रसाद. आयुष्यातले सगळ्यात सुंदर म्हटलं तरी चालेल. छोटी भाड्याची गाडी, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. पूर्वी समुद्रावरून चाचे यायचे, त्या भीतीनं लोकांनी गावं वर नेऊन बांधली. वेशीतून आत शिरलं की दोघांना शेजारी चालता येणार नाही असे बोळ, डोक्यावर कमानी, अंजिराचा वास, कुणाच्या तरी खिडकीतून तळलेल्या मिरच्यांचा खाट. शलाका बोळाबोळांतून पुढे पळायची. "अरे, हे तर आमचं जुनं नाशिक!" म्हणायची. तीन वर्षांनी मी तिला गुणगुणताना ऐकलं.

त्या गावात आम्ही जेवणं आटोपून पोचलो. खालच्या वस्तीत माणसं होती; वरचं जुनं गाव बहुतेक रिकामं. एका भूकंपानंतर लोक खाली उतरले, ते परत वर गेलेच नाहीत. दुपारी तिकडे सगळं बंद असतं. इथे कुवेतला जुलैत असते तशी दुपार, लख्ख ऊन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. चर्चच्या पायऱ्यांवर शलाका बसली. "मला तहान लागलीय. तू बघ कुठे नळ आहे का, मी इथून हलत नाही."

दोन बोळ ओलांडल्यावर नळाची दगडी कुंडी सापडली. बाटली भरली आणि परत फिरलो. तेवढ्यात वरून शलाकाची हाक आली.

"सलील, अरे इकडे..."

डाव्या हाताला एक घर होतं, दार सताड उघडं. आवाज आतून.

"उन्हात किती वेळ बसणार? आत किती गार आहे बघ."

मी हसतच जिना चढलो. वर एक मोठी खोली, फरशीवर चुन्याचे पापुद्रे, ओल्या दगडाचा आणि जुन्या राखेचा वास. पलीकडे एक बंद दार. शलाका त्या दारामागे होती.

"दार अडकलंय रे. जरा ढकल ना."

मी खांदा लावला. दार तसूभर हललं नाही. "तू आत गेलीस कशी?" मी विचारलं.

"म्हणजे काय? तुझ्याच मागून आले. तू जिन्यावरून हाका मारत होतास..."

मी हाक मारली नव्हती.

दम घ्यायला मी खिडकीशी गेलो. खाली चर्च दिसत होतं. पायऱ्यांवर पिवळी ओढणी घेतलेली शलाका बसली होती. तिनं वर पाहिलं, मला ओळखलं आणि हात हलवला.

मग पाठीमागच्या दारामागून अगदी हळू आवाज आला.

"सलील... कोणाकडे बघतोयस?"

मी खिडकीची चौकट धरून खालीच बघत राहिलो.

"बाहेर कोणी बसलंय का? माझ्यासारखं?" आवाज रडवेला झाला. "सलील... ती मी नाही रे."

खालची शलाका अजून हात हलवत होती. ये, ये, अशी खूण करत होती.

"माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? आपल्या बाळाचं नाव सांगू?" आणि दारामागून तिनं ते नाव सांगितलं. "मुक्ता."

प्रसाद, मी पळालो. जिना कसा उतरलो आठवत नाही. पाठीमागे दारावर तळहात आपटल्याचे आवाज येत होते. किंचाळणं नव्हतं. फक्त तळहात...

पायऱ्यांवर शलाका उठून उभी राहिली. "केवढा घामाघूम झालायस! आणि पाणी कुठाय?" तिनं माझा हात धरला. हात रोजच्यासारखाच होता, उबदार, बोटातली अंगठी तीच. मी तिला घेऊन वेशीतून बाहेर पडलो. गाडी वळणं घेत उतरली, तेव्हा तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कुवेतला परतलो. ऊन लागलं असेल, भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. शलाका आनंदी होती, मला आणखी काय हवं होतं? दोन हजार एकला मुलगी झाली. दवाखान्यात तिला कुशीत घेऊन शलाका म्हणाली, "नाव काय ठेवायचं रे? मी काही विचारच केला नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. मग मीच म्हटलं, मुक्ता ठेवू. ती म्हणाली, "छान आहे. तुला कसं सुचलं?"

सात वर्षं झाली त्या सहलीला. कुणाला विचारणार? ती चांगली आई आहे, माझ्या आजारपणात रात्र रात्र जागलीय. मला तिच्याशिवाय करमत नाही. आणि कधी कधी ती फोडणी देत असताना मी दारात उभा राहतो, वाटतं, हिला हाक मारावी. कोणत्या नावानं, ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई आजारी होत्या म्हणून मी एकटाच नाशिकला गेलो. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं त्यांचं. इटलीत त्या दुपारी काय झालं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. शेजारच्या सुचित्राताई म्हणाल्या, "आजी रोज दुपारी लेकीशी तासभर फोनवर बोलतात हो." मला नवल वाटलं. आमचं बोलणं व्हायचं ते फक्त शुक्रवारी.

मी सासूबाईंना विचारलं, "आई, शलाका रोज फोन करते?"

"करते की." त्यांनी माझा हात हातात घेतला. जवळ ये अशी खूण केली आणि कुजबुजल्या, "तुमच्या घरी जी आहे ना, तिला सांगू नका हं. माझी शलू बरी आहे. पावसात तिच्या त्या बंद खोलीची मागची भिंत पडली म्हणाली. आता गावाच्या वेशीपर्यंत चालत येते ती..."