न फोडलेली पानं

पिठाच्या गिरणीत माणसाला निम्मंच ऐकू येतं. मंगळवारी ज्वारीचा डबा घेऊन मी उभी होते, पुढं दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणाली, "हायवेच्या त्या परमिट रूमच्या मागल्या हॉलात अजून त्यांची खुर्ची मांडत्यात म्हणं. आणि त्या खुर्चीच्या डाव्या हाताला जो बसतो, त्याचा…"

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. गिरणी थांबल्यावर मी विचारलं, "त्याचा काय गं?" दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि भाकरीच्या पिठाचं काढलं.

खुर्ची कुणाची ते मला विचारायची गरज नव्हती. ती संयोगिताबाईंच्या मालकांची, वीरधवलरावांची. बाईंच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी रशीदा, कराडात गल्लीच्या तोंडाला साड्यांना फॉल-पिको करते. शाळा सातवीपर्यंत. पण शेजारी काय शिजतंय, कोण आलं, कोण रडलं, हे मला भिंतीतनं कळतं. चांगली सवय नव्हे ती. पण बाई आजारी पडल्या तेव्हा पेज घेऊन पहिली मीच गेले होते, तेही त्याच सवयीनं.

बाई हायस्कूलवर शिकवायच्या, वीरधवलराव साखर कारखान्यात. निवृत्त झाल्यावर दोघांनी वाचनमंडळ काढलं. वाचनालयाची खोली गळायची, देवळात भजनवाले बसायचे. शेवटी उदयसिंह म्हणाला, "बाई, माझ्या हाटेलात या की. गुरुवारी तीन ते पाच मागचा फॅमिली हॉल मोकळाच असतोय." हा उदयसिंह पलटणीतनं हवालदार होऊन आलेला, बाईंचाच विद्यार्थी. पुढं परमिट रूम, मागं हॉल. गाव हसलं. बाजारात तोंडावर विचारायचे, "बाई, आज पुस्तकाबरोबर चकणा काय हाय?" बाई म्हणायच्या, "शेंगदाणे. येताय का?" त्यातले दोघं खरंच आले आणि टिकले.

पुस्तकं रद्दीतली, जुनी. काहींची पानं छापखान्यातनं कापायचीच राहिलेली, वरनं आणि बाजूनं जुळलेली. म्हणून रीत पडली होती. पुस्तक डावीकडं फिरणार. ज्याचा नंबर, त्यानं लिंबू कापायच्या सुरीनं आपली पानं फोडायची आणि मोठ्यानं वाचायची. मग पुढच्याकडं.

गेल्या वर्षी वीरधवलराव बुधवारी गेले. तेराव्यानंतर मंडळ बसलं तेव्हा नंबर नेमका त्यांच्यावर थांबलेला. उदयसिंहनं सवयीनं पुस्तक त्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. ते परत उचलायचं कुणाला धाडस होईना. वाचायला लागतो तेवढा वेळ सगळे गप्प बसले. मग पुढच्यानं ती पानं न फोडता तशीच सोडली आणि त्याच्या पुढची वाचली. चूक म्हणाल तर एवढीच. पण एकदा दिलेला नंबर काढून घेणार कोण? दर फेरीला त्यांच्यापुढं पुस्तक जायला लागलं.

तेव्हा वाचणारे नऊ होते. मग माणसं गळत गेली. कुणाचा गुडघा, कुणाची सून बाळंत, कुणी काही न सांगताच. राहिले तिघं. बाई, उदयसिंह आणि नाथाजी पोस्टमन. जितकी माणसं कमी, तितका मेलेल्या माणसाचा नंबर लवकर यायचा.

बाई वाळत चालल्या होत्या. त्या दिवशी दळण ठेवून मी त्यांच्या ओट्यावर टेकले.

"बाई, प्रियदर्शनी किती वेळा फोन करती. जावा की पोरीकडं सांगलीला."

"जायचंय गं. लय दमले मी. खुर्च्या लावा, माणसांना फोन करा, परत कुणी यायचं न्हाई…" त्यांनी डोळे मिटले. "पण ते काय वाचतात ते एकदा मला कळू दे. मग जाते."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुःखात माणूस बोलतं असं, मनात म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "परवा गुरुवारी तू येतीस? मतदानाचा ड्राय डे हाय. दारूचा थेंब नसणार तिथं."

त्या दारात मी आयुष्यात पाय टाकला नव्हता, आमच्यात चालतच नाही. पण बाईंनी कधी काही मागितलं नव्हतं. आणि गिरणीतलं ते अर्धं वाक्य माझ्या पोटात दुखत होतं, हेही खरंच.

गुरुवारी तीनला गेलो. पुढचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. आतल्या काउंटरवर बाटल्यांपुढं चादर बांधलेली, मयताच्या घरात आरशावर टाकतात तशी. फिनेलचा वास, त्याच्याखाली जुन्या बिअरचा आंबूस वास. कूलर बंद होता, पंखाही बंद. मागच्या हॉलात एक गोल टेबल, पाच खुर्च्या. रिकामी राहिली होती ती नेमकी त्या खुर्चीच्या डाव्या हाताची.

नाथाजी म्हणाला, "बसा भाभी. तिथं कुणी बसत न्हाई, म्हणून ती रिकामीच ऱ्हाती."

"का बसत नाहीत?"

"तिथं बसंल त्याचा आवाज जातोय म्हणं. गावात बोलत्यात." तो हसला, पण आपली खुर्ची त्यानं त्या खुर्चीपासून जरा लांबच ओढून घेतली होती.

वाक्याचा राहिलेला तुकडा असा मिळाला. मला वाटलं होतं मिळाल्यावर बरं वाटेल.

बाईंनी वाचलं, उदयसिंहनं वाचलं. कुठल्याशा गावची, दोन भावांच्या बांधाची गोष्ट होती. नाथाजीनं वाचलं, आणि पुस्तक माझ्या उजव्या हाताला, रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. सुरी शेजारी ठेवली. पानं जुळलेलीच होती.

सगळे गप्प झाले. बाई मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होत्या, चार वाजले होते. हायवेवरनं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन संपला. मग काहीच नाही. आणि हळूहळू वास यायला लागला… मळीचा. कारखान्याच्या माणसाच्या कपड्यातनं येतो तो, गोड, आंबलेला. वीरधवलराव निवृत्त झाले तरी त्यांच्या शर्टाला यायचा. भिंतीपलीकडं मी तो वीस वर्षं घेतलाय.

मी पानांकडं बघत होते. एक पान हललं नाही. कुणी बोललं नाही. एवढं मी शपथेवर सांगते.

"झालं," बाई म्हणाल्या आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

तेवढ्यात उदयसिंह हळू म्हणाला, "किल्ली दिली ते बरं केलं तिनं."

"व्हय," नाथाजी म्हणाला. "आणि मागं वळून बघितलं न्हाई एष्टीतनं."

मी विचारणार होते, कुठली किल्ली? कुठली एसटी? तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं की मला ठाऊक आहे. एक बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीच्या हातात देते, पिशवी घेऊन एसटीत बसते, आणि कुणीतरी तिला म्हणतं, आता बघू नको मागं, जा. मी हे वाचलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. ते माझ्यात होतं, कालपासून असल्यासारखं.

बाई आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघत होत्या, आळीपाळीनं. नंतर मी माझी पानं फोडली आणि अडखळत वाचली. आवाज होता जागेवर.

येताना पुस्तक मी पिशवीत घातलं. कुणाला न विचारता. घरी येऊन मशीनवरच्या कात्रीनं ती जुळलेली पानं फोडली. आत दोन भाऊ बांधावरनं भांडत होते, तलाठी आला होता, एका बैलाचं शिंग मोडलं होतं. किल्ली नव्हती. एसटी नव्हती. बाई तर अख्ख्या पानात एकही नव्हती.

तशीच उठून पलीकडं गेले. बाई दिवा न लावता बसल्या होत्या.

"बाई, ते पुस्तक वाचत नव्हते."

मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "वर्षभर सगळी हसत्यात, माना हलवत्यात. मला त्यांचं काय ऐकू येत न्हाई, रशीदा. सगळ्यांना कळतं… मला सोडून." त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही, तेवढं बळही नव्हतं. "मला वाटायचं, माझ्यावर राग धरलाय."

"राग कसला बाई. जा म्हणतायत. मागं बघू नको म्हणतायत."

"असंच म्हणाले?"

"असंच."

त्या रडल्या नाहीत. भिंतीला डोकं टेकलं आणि तिथंच झोपल्या. मी अंगावर चादर घातली. सोमवारी प्रियदर्शनी गाडी घेऊन आली, पण बाईंनी ऐकलं नाही, म्हणाल्या मी एसटीनंच येणार. लेक बाकीचं सामान घेऊन गाडीनं पुढं गेली. बाईंनी कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. स्टँडवर मी हात हलवत उभी होते. त्यांनी मागं बघितलं नाही. मंडळ बंद झालं. उदयसिंह म्हणाला, पुस्तक ठेवा भाभी तुमच्याकडंच.

बाई तिकडं जेवतात, झोपतात, अंगावर मांस आलंय म्हणे. म्हणजे चांगलंच झालं. आणि गिरणीतल्या बायकांचं खोटं ठरलं. माझा आवाज गेला नाही, तुमच्याशी बोलतेच आहे.

फक्त गुरुवारी चारला जातो. एक नंबर वाचायला लागतो तेवढाच वेळ. मागल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक साडी पुढं करून विचारत होतं, "काकू, कवा मिळंल?" आणि मी मशीन थांबवून नुसती बघत होते. ओठ हलेनात. दुकानात मळीचा वास होता. वास गेल्यावर म्हणाले, "परवा."

पुस्तक कपाटात आहे, उरलेली पानं मी फोडलेली नाहीत. फोडून उपयोगही नाही, तिथं ते दोन भाऊच असणार. गोष्ट दुसरीच पुढं सरकतेय, आठवड्याला एक पान. त्यात आता ती एसटीतली बाई नाही. शेजारीण आहे. पहिल्या गुरुवारी तिनं किल्ली डब्यात ठेवली, मी ठेवली तशीच. दुसऱ्या गुरुवारी भिंतीला कान लावला.

आज बुधवार, तिसरं पान उद्या यायचंय. डबा मी सकाळी उघडला होता, कशाला ते आठवत नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे.