सरकलेल्या स्फोटांची तक्रार

"तुमच्या अँटेना वाकड्या आहेत," हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तो शिडीवर होता, ओठांत दोन स्क्रू. त्याने ते काढले, खाली माझ्याकडे पाहिलं... आणि हसला. माझा पारा आणखीच चढला.

तो आमच्या रेडिओ वेधशाळेतला नवा इंजिनियर आणि मी सूर्याचा अभ्यास करणारी. सूर्यावर स्फोट झाला की रेडिओ लहरींचा लोट येतो. पण आमच्या यंत्रावर तो मूळ जागा सोडून बाजूलाच दिसत होता, तोही चांगला फुगून. अँटेना नीट ठेवणं हे त्याचं काम; दोष त्यांचा निघाला, तर त्याची नोकरी कायम होणार नव्हती.

मग आम्ही दोघांनी मिळून एकेक अँटेना तपासायला घेतली. भर उन्हात, एका छत्रीखाली. तो छत्री माझ्याकडे कलती धरायचा आणि स्वतः भाजून निघायचा. मी रागावले, तर म्हणाला, तुमचं डोकं तापलं की मलाच महागात पडतं. झालं... मी कामातून गेले.

पंचाईत पुढेच होती. दोष त्याचा नसावा असं मला इतकं वाटायला लागलं, की माझ्याच आकड्यांवर माझा विश्वास बसेना. म्हणून अँटेना एका दूरच्या आकाशगंगेकडे वळवल्या. ती जिथल्या तिथे दिसली, म्हणजे अँटेना सरळ होत्या. मग स्फोट पुन्हा पाहिले. लहरींची लांबी जितकी जास्त, तितका स्फोट जास्त सरकलेला. हा उद्योग सूर्याभोवतीच्या तापलेल्या, विरळ प्रभामंडळाचा होता. त्यातून बाहेर पडताना लहरी वळतात, विखुरतात, आणि स्फोट मोठा होऊन भलत्याच जागी दिसतो. आमच्या प्रमुख मॅडमनी सगळं उलटसुलट तपासलं आणि मान डोलावली.

मी धावतच त्याच्याकडे गेले. त्याची नोकरी पक्की झाल्याचं एका दमात सांगून टाकलं. तो मटकन शिडीच्या पायरीवर बसला.

"मग तुमची तक्रार संपली?" त्याचा आवाज पडला होता.

"संपली. आता रोज इथे यायला काय कारण सांगू... तेच कळत नाही."



"आई रोज विचारते, तक्रारवाली आज काय म्हणाली," तो हळूच म्हणाला. "घरी घेऊन ये म्हणते. मलाच धीर होत नव्हता – मला तुम्ही फार आवडता."

"मलाही तू आवडतोस. आत्ताच जाऊया?"

"आत्ता? घर आवरलेलं नाही म्हणून आई मला ओरडेल."

"ओरडू देत," मी म्हणाले, आणि त्याचा ग्रीसने माखलेला हात धरून चालायला लागले.